पोरांना मानवी हक्क शिकवायचेत? संडासाच्या कडीपासून सुरुवात करा

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे पुढचं सगळं का सांगतेय ते कळेल. आमच्या तालुक्याच्या गावात वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी आठवी-नववीची पंचवीस-तीस पोरं जमतात. आधी नुसती पुस्तकं वाचायला यायची, मग २०२२ साली १० डिसेंबर नेमका शनिवारी आला, मानवी हक्क दिन, आणि माझ्या अंगात आलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या ३० कलमांच्या मराठी झेरॉक्स काढल्या, प्रत्येकाला एक सेट, आणि मोठ्यानं वाचायला लागले. सहाव्या कलमाला मागच्या ओळीत झेरॉक्सच्या पाठीवर फुल्ली-गोळा सुरू झाला आणि पुढच्या ओळीतला एक गुणी पोरगा हळूच विचारतो, "ताई, हे पाठ करायचंय का?"

संपलं एकदाचं. जिना उतरताना दोन मुली बोलत होत्या, एक म्हणते, "सोमवारी येणार नसशील ना तर आत्ताच सांग, मग दार कोण धरणार माझं?" मी थांबवून विचारलं, कसलं दार? तर शाळेतल्या मुलींच्या संडासाला आतून कडीच नाही, वर्ष होऊन गेलं, म्हणून सगळ्या जोडीजोडीनं जातात, एक आत एक बाहेर दार धरून. आणि जिची मैत्रीण आली नसेल ती दिवसभर पाणीच पीत नाही. खासगीपणाचं बारावं कलम त्याच झेरॉक्सवर छापलेलं होतं हो, ज्याच्या पाठीवर फुल्ली-गोळा चालला होता!

तेव्हापासून मी कलमं शेवटी काढते आणि पोरांची भांडणं आधी. तुम्ही शिक्षक असा, वाचनालय चालवत असा, सोसायटीतल्या पोरांचं काही घेत असा, हेच करून बघा. खर्च जवळपास शून्य आहे.

पहिल्या दिवशी लागतो चपलेचा एक रिकामा खोका आणि कागदाचे तुकडे. खोक्याच्या झाकणाला भोक पाडायचं, प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या द्यायच्या आणि एवढंच सांगायचं, की "हे काय बरोबर नाही" असं तुम्हाला गेल्या महिन्याभरात कधी वाटलं ते लिहा, नाव नको. हक्क हा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही. सगळ्यांना एकाच रंगाची पेनं द्या नाहीतर अक्षर आणि शाई बघून ही पोरं बरोबर ओळखतात कोणाची चिठ्ठी ते. आमच्याकडे काय काय निघालं बघा. भाऊ ग्राउंडवर जातो, मी भांडी घासते. सर मला ढ म्हणतात, सगळ्यांसमोर. बाबा माझा मोबाइल चेक करतात. आम्ही ऊस तोडायला जातो म्हणून परत आल्यावर मला मागच्या बाकावर बसवतात. आणि एक चिठ्ठी, "मला आयफोन पाहिजे, घेऊन देत नाहीत."

आयफोनवर हसू नका. पोरं हसतील, तुम्ही नका हसू, कारण त्याच चिठ्ठीवर आमच्याकडे पाऊण तास भांडण झालं आणि ते मला आखून सवरून जमलं नसतं. मी विचारलं, फोन ही हौस की गरज? सगळे म्हणाले हौस. मग एक मुलगी म्हणाली, २०२० मध्ये लॉकडाऊनला शाळा मोबाइलवर होती, आमच्या घरात एकच फोन, तो दादाला दिला, मी सहावीचं अर्धं वर्ष काही शिकलेच नाही. मग गरज? मग हक्क? शिक्षण हक्क असेल तर ज्याच्यातून शिक्षण येतं ती वस्तू पण हक्क का? मी उत्तर दिलं नाही, मला पण पक्कं माहीत नव्हतं. फळ्यावर तीन रकाने आखले, हौस, गरज, हक्क, आणि पोरांना चिठ्ठ्या उचलून चिकटवायला सांगितल्या. जी चिठ्ठी दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर जाऊन बसते ना, तासाचा जीव तिच्यातच असतो.

इथे एक गोष्ट नीट ऐका, बाकी विसरलात तरी चालेल. खोक्यात कधीतरी एखादी फार गंभीर चिठ्ठी येते. कोणीतरी हात लावतंय, घरात मार आहे, लग्न ठरवतायत. म्हणून सगळ्या चिठ्ठ्या आधी एकट्यानं वाचायच्या, मधे चहाची सुट्टी घ्या, आणि मगच बाहेर काढायच्या. ती चिठ्ठी मोठ्यानं वाचायची नाही, कोणाची आहे म्हणून सगळ्यांसमोर शोध लावायचा नाही. मूल स्वतःहून येऊन बोललं तर शांतपणे ऐकायचं, पण "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, कोणालाही, नुसतं शिक्षकांनाच नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८, फुकट आहे, तो पहिल्याच दिवशी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून टाका आणि मूल स्वतः पण फोन करू शकतं हे सांगा. एवढी तयारी नसेल तर खोका काढूच नका, सापशिडीपासून सुरू करा, ती पुढे सांगते.

दुसऱ्या शनिवारी कलमं. पण विकत काही आणू नका, बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीलाच संविधानाची उद्देशिका छापलेली असते, पोरांनी ती शंभरदा म्हटलेली असते आणि एकदाही वाचलेली नसते. तिची एक झेरॉक्स काढून कात्रीनं पट्ट्या करायच्या, "दर्जाची व संधीची समानता" एक पट्टी, "व्यक्तीची प्रतिष्ठा" एक पट्टी, आणि चार-चारच्या गटाला एकेक पट्टी देऊन सांगायचं, हे तुमच्या घरच्या भाषेत सांगा. आजीला कळलं पाहिजे ही अट. आमच्यात एकानं "व्यक्तीची प्रतिष्ठा" चं केलं, "कोणालाच अरे-कारे नाय करायचं, झाडूवाल्या मावशीला पण नाय." मी गेली कित्येक वर्षं याच्यापेक्षा चांगलं भाषांतर ऐकलेलं नाही.

मग खोक्यातल्या चिठ्ठ्या परत काढायच्या आणि जोड्या लावायच्या. ढ म्हणणं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम, मुलाला मारायचं नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. हे वाचल्यावर खोलीत जी शांतता पसरली ना! त्यांना छडी बंद झाल्याचं माहीत होतं, शब्दांचा मार पण त्यात येतो हे माहीत नव्हतं. मोबाइल चेक करणारे बाबा? इथे २०१७ चा सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांचा पुट्टस्वामी निकाल सांगता येतो, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून, पण लगेच हेही सांगा की तो खटला सरकार आणि नागरिक यांच्यातला होता, तेरा वर्षांच्या मुलानं तो बाबांच्या तोंडावर फेकायचा नाही. त्यावर परत भांडण. होऊ द्या.

जाहीरनाम्याची गोष्ट सांगायचीच असेल तर १० डिसेंबर १९४८, पॅरिस, ४८ मतं बाजूनं, विरोधात शून्य, ८ जण तटस्थ एवढं पुरे, आणि मग थेट हंसा मेहतांवर या. भारताच्या प्रतिनिधी. पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात "सगळे पुरुष" असा अर्थ निघेल असा शब्द होता, त्यांनी हटून तो बदलून "सगळी माणसं" केला. एका शब्दासाठी भांडलेली बाई! हे सांगितलं की पोरांना गृहपाठ द्या, घरातल्या-शाळेतल्या फॉर्मवर, पाट्यांवर असे शब्द शोधून आणा. आमच्याकडे बँकेच्या फॉर्मपासून लग्नपत्रिकेपर्यंत ढीग आला. त्याला जोडून हेही सांगता येतं की महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावानंतर आईचं नाव लावायचा निर्णय झालाय. एक मुलगा म्हणाला, माझी बहीण एप्रिलमध्ये झाली, थोडक्यात हुकलं.

आता महाड. याच्याशिवाय महाराष्ट्रात हक्क शिकवणं मला जमत नाही, पण बहुतेक ठिकाणी एक फोटो आणि दोन ओळींत ते उरकतात. मी सुतळी बांधते खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि कपड्यांच्या चिमट्यांनी कार्डं लावते. १९२३, मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४, महाड नगरपालिका तोच ठराव मान्य करते. मग २० मार्च १९२७, बाबासाहेब आणि हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी पितात, आणि त्यानंतर हल्ला होतो, तळ्याचं "शुद्धीकरण" होतं. मग डिसेंबर १९२७, दुसरी परिषद. मग कोर्टकज्जे, आणि शेवटी १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल बाजूनं. कार्डं वर्षांच्या अंतराप्रमाणे लावायची, एका वर्षाला एक वीत, म्हणजे सुतळीवर १९२७ ते १९३७ मधली रिकामी जागा डोळ्यांना दिसते. मी काही बोलायच्या आधीच कोणीतरी विचारतंच, "पण ताई, ठराव तर आधीच झाला होता ना? मग पाणी प्यायला आंदोलन कशाला?" बस, हाच प्रश्न यायला पाहिजे होता. त्या दिवशी मी दुसरं काही घेत नाही, सगळे त्यावरच बोलतात, आणि फिरून फिरून गाडी संडासाच्या कडीवर येते, की नियमात तर आहे मग कडी का नाही.

एक कळकळीची विनंती, महाडचं नाटुकलं बसवताना पोरांना "तू अस्पृश्य, तू सवर्ण" असे रोल वाटू नका. लोक करतात हे, हौसेनं करतात, आणि वर्गातल्या ज्या मुलाच्या घरात ही गोष्ट आजोबांनी सांगितलेली आहे त्याचं काय होतं ते कोणी बघत नाही. रोल द्यायचेच तर नगरपालिकेचा कारकून द्या, वार्ताहर द्या, कोर्टातला न्यायाधीश द्या, साक्षीदार द्या. कारकुनाचा रोल सगळ्यात भारी होतो, "ठराव आहे हो, पण अंमलबजावणीचा आदेश आला नाही" असं म्हणणारा कारकून आमच्या पोरांनी असा रंगवला की बघायला आलेले ग्रामपंचायतीतले एक गृहस्थ जरा अवघडले.

त्याच सुतळीवर डावीकडे, पार टोकाला, अजून एक कार्ड लावा, १८५५, मुक्ता साळवे. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी साधारण चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी, तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदय मध्ये छापून आला. चौदा वर्षांची! नववीतली! हे कळलं की मुली सरळ बसतात. मग प्रत्येकाला एक पान द्यायचं, वर फक्त शीर्षक, "आमच्या ....... च्या दुःखाविषयी", गाळलेली जागा त्यांनी भरायची. शेंगदाणे निवडणाऱ्या बायका, हॉस्टेलची पोरं, तोतरं बोलणारे, एकानं तर आमच्या गल्लीतली कुत्री लिहिलं, तेही घेतलं. शुद्धलेखन तपासू नका, देवासाठी तेवढं करू नका.

वय बघून घ्या पण. पाचवी-सहावीला तारखा आणि कोर्ट नको, खोका, पट्ट्या आणि सापशिडी भरपूर झालं. नववीच्या पुढच्यांना खरा खटला द्या. माझा आवडता म्हणजे केरळचा बिजो इमॅन्युएल खटला. १९८५, तीन भावंडं, यहोवाचे साक्षीदार नावाच्या ख्रिस्ती पंथातली, शाळेत राष्ट्रगीताला अदबीनं उभी राहायची पण गायची नाहीत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. शाळेनं काढून टाकलं. इथे थांबायचं, निकाल सांगायचा नाही. वर्गाचे तीन भाग, शाळेचे वकील, मुलांचे वकील, आणि पाच न्यायाधीश, वीस मिनिटं तयारी, मग सुनावणी. आमच्या न्यायाधीशांनी चार विरुद्ध एक असा निकाल शाळेच्या बाजूनं दिला. मग मी सांगितलं की सुप्रीम कोर्टानं १९८६ मध्ये मुलांच्या बाजूनं दिला, परत शाळेत घ्यायला लावलं. गोंधळ! ती एकटी विरोधी मत दिलेली मुलगी बाकावर उभीच राहिली. रात्री एका पालकांचा फोन, "ताई तुम्ही पोरांना राष्ट्रगीत म्हणू नका असं शिकवता का?" मी सगळा खटला परत फोनवर सांगितला, उभं राहणं, अदब, कोर्ट, सगळं, आणि शेवटी ते म्हणाले बरं बरं, पण आधी सांगत चला. बरोबर होतं त्यांचं. तेव्हापासून पहिला शनिवार पालकांचा, चहा-बिस्कीट आणि आम्ही काय घेणार त्याची यादी. पालक घाबरतात ते एकाच गोष्टीला, की पोरगं हक्क शिकलं की घरात उलट बोलायला लागेल. खोटं कशाला सांगू, थोडं बोलतंच.

आणि मग येतं ते "हक्काबरोबर कर्तव्य पण शिकवा ना मॅडम." शिकवा की, संविधानात मूलभूत कर्तव्यं आहेत, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं आली. पण आधी कर्तव्य मग हक्क असा हिशोब पोरांच्या डोक्यात घालू नका. कडी मिळायला गृहपाठ पूर्ण असायची अट नाहीये.

मघाशी "एक पाऊल पुढे" हा खेळ सांगायचा राहिला, तो फार वापरतात ट्रेनिंगमध्ये. सगळे एका रेषेत उभे, तुम्ही वाक्य वाचता, "मला ताप आला तर घरचे त्याच दिवशी डॉक्टरकडे नेतात", ज्याला लागू तो एक पाऊल पुढे. शेवटी कोण कुठे उभा आहे ते बघायचं. मी पहिल्यांदा पोरांच्या स्वतःच्या आयुष्यावर खेळवला. वीस वाक्यं झाली, सगळे खोलीभर पसरले आणि एक मुलगी भिंतीलाच पाठ लावून उभी होती, एक पाऊल पण नाही. तिनं खाली मान घातली आणि मला कळलं मी काय करून बसले ते. पुढचे दोन शनिवार ती आली नाही, घरी जाऊन माफी मागितली तेव्हा आली. तर असं करू नका. कार्डं बनवा, प्रत्येकाला दुसऱ्याच कोणाचं तरी आयुष्य, बीडहून कारखान्यावर आलेल्या ऊसतोड जोडप्याची बारा वर्षांची मुलगी, आमदारांचा पुतण्या, चाकाच्या खुर्चीतला दहावीचा मुलगा, मुंबईत फुटपाथवर राहणारी मुलगी. कार्ड कोणाला दाखवायचं नाही, त्या माणसासारखा विचार करून पाऊल टाकायचं. शेवटी मागे राहिलेल्यांनी आपलं कार्ड वाचायचं. मागे राहणं मग कोणाच्याच अंगाला चिकटत नाही. फुटपाथवाल्या कार्डाला मी ओल्गा टेलिस खटला जोडते, १९८५, मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांचा, ज्यात कोर्टानं म्हटलं की जगण्याच्या हक्कात पोट भरायचा हक्क पण येतो, आणि तरीही फुटपाथ रिकामे करायला परवानगी मिळालीच. जिंकले का हरले? पोरांना ठरवू द्या.

सापशिडी मात्र सगळ्यात मजेची. लागतो कोणाच्यातरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स, चौकात मागितला की मिळतो, त्याची पाठ पांढरी असते. दहा बाय दहाचे चौकोन आखायचे आणि साप-शिड्या पोरांनाच ठरवू द्यायच्या, विषय असा की तक्रार घेऊन एकापासून निघायचं आणि शंभरला ती सुटली पाहिजे. आमचे साप, "साहेब जेवायला गेलेत", "तुझं वय काय, घरी जा", "अर्ज सापडत नाही", आणि नव्व्याण्णववरचा महासाप "बदली झाली". शिड्या, "सगळ्यांनी मिळून सही केली", "माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपये, तीस दिवस" आणि सगळ्यात लांब शिडी, बारावरून थेट सत्तरला, "पोचपावती घेतली". ही शिडी ज्या मुलानं सुचवली त्याचे वडील तलाठी ऑफिसच्या बाहेर अर्ज लिहून देतात, म्हणजे अनुभवाचा माणूस. फासा नसेल तर चिंचोके चालतात.

व्हिडिओचं विचारतात लोक. दाखवा, पण तीन-चार मिनिटांच्या वर नको, प्रोजेक्टर लागेपर्यंतच निम्मा वेळ जातो आणि अंधार केला की मागची ओळ झोपते. जाहीरनाम्याचा मराठी मजकूर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या साइटवर आहे, तेवढा डाउनलोड करून ठेवा, आणि वाटायच्या आधी त्याची पाठ पण छापून घ्या, रिकामी सोडू नका.

कडीचं काय झालं? सापशिडी झाल्यावर पोरंच म्हणाली, ताई आता खरंच खेळू. शाळा व्यवस्थापन समितीला पत्र लिहिलं, त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात हे कायद्यातून त्यांनीच शोधलं, म्हणजे आपल्याच आया त्यात आहेत. एकतीस सह्या, मुलांच्या पण, त्यातल्या दोघांनी विचारलं होतं की मुलींच्या संडासाचं आम्ही कशाला सही करायची, आणि त्यांना उत्तर मी दिलं नाही, वर्गातल्या मुलींनी दिलं. पोचपावती घेतली, शिक्का मारून. अकराव्या दिवशी कडी बसली.

बाहेरून.

पुढच्या शनिवारी दुसरं पत्र तयार झालं, मी एक शब्द पण बदलला नाही. "महोदय, कडी बसवल्याबद्दल आभारी आहोत. परंतु ती बाहेरच्या बाजूने बसवली असल्याने आता मैत्रीण रागावली तर आम्हाला कोंडू शकते. तरी कृपया आतून पण एक बसवावी, ही विनंती. सोबत चित्र काढून दिले आहे."